यादीत नसलेली सीट

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या शेडमध्ये मुकुंद इंगवल्यांनी गाडीचं बटण दाबलं. गाडी रोजचंच बोलली.

"परका भाग आढळला. प्रवास करता येणार नाही."

"बोल बाई. तुला दुसरं येतंय तरी काय," मुकुंदराव म्हणाले.

परका भाग म्हणजे पुढची डावी सीट. ती त्यांनी स्वतः बनवली होती. दार उघडलं की ती बाहेर वळायची आणि खुर्चीएवढी खाली यायची. शैलजाला, त्यांच्या बायकोला, अर्धांगाचा झटका आल्यावर गाडीत चढता येईना, म्हणून ते या सीटसाठी महिनाभर खपले होते. पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात जन्म गेलेला. काम चोख झालं होतं. पण गाडीनं सीट नाकारली. कंपनीला विचारलं तर उत्तर आलं, "ही सीट आमच्या यादीत नाही."

शैलजा हसली होती. "म्हणजे मीपण त्यांच्या यादीत नाही म्हणा की."

एकदा रंकाळ्यावर जाऊन पाणी बघायचं, एवढंच तिचं म्हणणं होतं. फेब्रुवारीत ती गेली. रंकाळा राहिला.

आता त्या सीटवर बसणारं कोणी नव्हतं. तरी मुकुंदरावांना गाडी त्या सीटसकटच चालवायची होती. लोक विचारत, कशासाठी? ते म्हणत, "गाडी नको म्हणाली म्हणून."

नवरात्रात शर्वरी आली. ही शैलजाच्या बहिणीची मुलगी, त्याच कंपनीच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत संशोधक.

"काका, सीट काढा. जुनी बसवा. फार दिवस बंद राहिलेली गाडी कंपनी मृत ठरवते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उचलायला येणार आहेत. मी कागद बघून आलेय."

"येऊ देत. आधी मला सांग, माझी सीट परकी, हे ठरवतं कोण? ती हुकूमपेटी?" त्यांनी डॅशबोर्डाखालच्या काळ्या डब्याकडे बोट केलं.

"नाही. पेटी फक्त कंपनीचे हुकूम आणते. ठरवतात सगळे भाग मिळून. मोटर, ब्रेक, स्टिअरिंग, दारं, प्रत्येकात एक ओळखपेशी असते. त्या आपापसात बिनतारी बोलतात आणि मत देतात. बहुमत ज्याला ओळखत नाही तो परका. त्याला बाकीचे तोडून टाकतात, आणि मग पेटी कंपनीचा थांबायचा हुकूम देते."

"आणि पेटीला मतं किती?"

"सगळ्यांना एकच. एखाद्याला जास्त दिलं असतं तर चोरांनी तेवढा एक भाग फोडून अख्खी गाडी नेली असती. हसू नका काका. बनावट ब्रेक लावून माणसं मरायची, ती या पद्धतीनं थांबली."

"आणि चांगली सीट लावूनही जी गाडीत बसली नाही, ती?"

शर्वरीनं सीटच्या पाठीवरून हात फिरवला. मावशीनं तिला लहानपणी सांभाळलं होतं.

मुकुंदरावांनी विचारलं, "हे भाग एकमेकांना मुळात ओळखायला लागतात कसे?"

"कारखान्यात. कोरे भाग एका बंद खोलीत ठेवतात. एक दिवस आणि एक रात्र त्यांचं बोलणं तुटलं नाही की ओळख पक्की. मध्ये तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून."

"मृत गाडीच्या भागांचं काय होतं?"

"पेटी कंपनी परत घेते. बाकीच्यांची ओळख पुसून त्यांना वितळवायला पाठवतात." ती थबकली. "काका, तुम्ही कुठल्या विचारात आहात?"

"काही नाही. चहा घेतेस?"

शेड ज्यांच्या आवारात होती ते पद्मण्णा मगदूम फौंड्रीवाले. वितळवायच्या मृत गाड्या त्यांच्याकडेच येत. त्यांच्या बायकोचं, सुनंदाक्कांचं, खुब्याचं हाड मोडलेलं. त्यांनाही गाडीत चढता येत नव्हतं. म्हणून पद्मण्णा मुकुंदरावांना भाग काढून द्यायला एका पायावर तयार होते. अट एकच, सुटा माल आवाराबाहेर न्यायचा नाही. तेवढी परवानगी नव्हती.

मुकुंदरावांनी आपल्या गाडीच्याच मॉडेलचे, ओळख पुसलेले भाग फळ्यांवर मांडले. मोटर, ब्रेक, स्टिअरिंग, दारांची कुलुपं, बोलणारा पडदासुद्धा. मधोमध सीट, तिच्यात मृत गाडीच्या सीटमधली कोरी ओळखपेशी. सगळ्यांना वीज जोडली. दुपारपर्यंत बोलणं जुळल्याचे हिरवे दिवे लागले, आणि शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग सुरू झालं. वेल्डिंगचा व्यत्यय हवेतून आला. बोलणं तुटलं, दिवे लाल.

पुन्हा लावले, पुन्हा लाल. उद्यमनगरात वेल्डिंग कधी थांबतच नाही, पाळ्या चोवीस तास.

"मास्तर, आता काय सगळ्या उद्यमनगराला सुट्टी द्यायला लावताय?" पद्मण्णा म्हणाले. "सगळी यंत्रं एकदम बंद फक्त खंडेनवमीला. हत्यारांची पूजा. दसऱ्याची पूजा होईपर्यंत पान्ह्यालासुद्धा कोणी हात लावत नाही."

मुकुंदराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळले.

"परवा आहे की हो," पद्मण्णा म्हणाले.

खंडेनवमीच्या सकाळी उद्यमनगर गप्प झालं. लेथवर झेंडू, ड्रिलवर झेंडू. सुनंदाक्कांनी खुर्चीत बसूनच फळ्यांवरच्या भागांना हळदकुंकू लावलं. सीटपाशी आल्यावर त्यांनी मुकुंदरावांकडे पाहिलं आणि दोन बोटं जास्त कुंकू लावलं. मुकुंदराव बाहेर जाऊन उभे राहिले.

दसऱ्याला उजाडलं तेव्हा सगळे दिवे हिरवे होते.

पूजा झाल्यावर पान्हे उचलले. जुने भाग निघाले, फळ्यांवरचे बसले. आधीचं उरलं ते गाडीचं खोकं आणि ती काळी हुकूमपेटी. मृत गाड्यांबरोबर पेटी येतच नाही, त्यामुळे बदलायला दुसरी नव्हती. मुकुंदरावांचा हिशेब साधा होता: पेटी सीटला नको म्हणेल, पण तिचं मत एक आणि इतरांची कितीतरी.

संध्याकाळी शर्वरी सोनं द्यायला आली. आपट्याची पानं तिच्या हातातच राहिली.

"काका! हे सगळं तुम्ही..."

"तूच शिकवलंस. बस तिथं."

तिचा फोन वाजला. ती वाचून म्हणाली, "पेटीनं पुण्याला कळवलंय. भाग बदललेत म्हणून. त्यांनी गाडी बंद करायचा हुकूम पाठवलाय."

"पाठवू देत." त्यांनी बटण दाबलं.

"परका भाग आढळला," गाडी म्हणाली.

"झालं! हिचं पुन्हा तेच भजन," पद्मण्णांनी कपाळावर हात मारला.

मुकुंदरावांचं बोट बटणावरच राहिलं. शैलजाच्या सीटकडे त्यांना बघवेना.

शर्वरी मात्र ताडकन उठली. "थांबा काका. फळीवर कोण नव्हतं? सगळे एकमेकांना ओळखतात. फक्त एकजण—"

"परका भाग: हुकूमपेटी," गाडी म्हणाली. "तोडून वेगळा केला आहे. प्रवास करता येईल."

मोटर हलक्या आवाजात फिरू लागली. शर्वरीनं फोनकडे पाहिलं. पुण्याहून हुकुमामागून हुकूम सुटत होते. ते पेटीत येऊन पडत होते, आणि पेटीचं कोणी ऐकत नव्हतं.

"हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं," ती हळूच म्हणाली. "आम्ही तिलाही एकच मत दिलं. आणि कारखान्यात ती पहिल्यापासून सगळ्यांत असायची."

मुकुंदरावांनी डॅशबोर्डाखाली हात घालून पेटी सोडवली, फडक्यानं पुसली आणि शर्वरीच्या हातात दिली.

"उद्या गाडी उचलायला येतील त्यांना हे दे. त्यांचंच आहे."

"काय सांगू त्यांना?"

"सांग, आमच्या यादीत नाही."

शर्वरीला हसू आलं आणि डोळेही भरले. मुकुंदरावांनी डावं दार उघडलं. सीट वळून बाहेर आली, खाली आली, थांबली.

"चला वहिनी," ते सुनंदाक्कांना म्हणाले. "अंधार पडायच्या आत रंकाळ्यावर पोचायचंय."