एक वाजून दहाची नोंद

हे खरं घडलंय. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत. नावं सांगणार नाही, कारण त्यातली बरीच माणसं अजून त्याच ऑफिसात आहेत.

आणि रात्रबित्र काही नव्हती. मंगळवार होता. भर दुपार.

पण आधी थोडं मागचं सांगतो.

मामा औषधांच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचा. तिसऱ्या मजल्यावर त्याची काचेची खोली. एक दिवस साहेबांनी बोलावलं.

"तक्रार विभागातून बातम्या बाहेर जातायत. आठही जणांच्या मेल वाच. कुणाला कळता कामा नये."

मामाने वाचल्या. तिसऱ्या आठवड्यातच लक्षात आलं, बाहेर काहीच जात नव्हतं.

तरी एकीच्या मेल तो वाचतच राहिला.

त्यांना सगळे मावशी म्हणायचे. विभागात वयाने सगळ्यात मोठ्या. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून बहिणीला लिहायच्या. नवऱ्याला आता माझं नावही आठवत नाही, मानेत गाठ आलीय, घरी सांगू कुणाला... पण सगळं हसत हसत. साहेबांना त्या 'भोपळा' म्हणायच्या.

वाचताना मामाला खुदकन हसू यायचं.

एकदा कँटीनमध्ये त्याच्या तोंडून तो भोपळा निसटला. तिघं पोट धरून हसले. चार दिवसांत गोष्ट साहेबांच्या कानावर.

मावशींना आत बोलावलं. टेबलावर त्यांचीच मेल, छापलेली. संध्याकाळी राजीनामा.

जाताना त्या मामाच्या दारात थांबल्या. "काय रे, मी तर फक्त बहिणीला लिहिलं होतं. मशीन बिघडलंय का?"

"बघतो, मावशी," मामा म्हणाला. त्याने मान वर केली नाही.

दोन महिन्यांनी मावशी त्या गाठीनेच गेल्या. त्यांचं मेलचं खातं मामानेच बंद केलं होतं.

आता तो मंगळवार.

कुणी कुणाची मेल उघडली, याची नोंद मशीन ठेवतं. मामा ती सहज चाळत होता. आणि...

मेल कुणाची? मामाची.

उघडली कुणी? मावशींनी.

वेळ, एक वाजून दहा.

कुणीतरी चावटपणा करतंय, त्याला वाटलं. त्याने पासवर्ड बदलला.

बुधवारी एक दहाला पुन्हा नोंद. मामी माहेरी निघून गेली होती, तेव्हा मामाने तिला लिहिलेली मेल. ती त्याने कधी कुणाला दाखवली नव्हती.

गुरुवारी तो दबा धरून बसला. मजला रिकामा. सगळे जेवायला गेलेले.

एक दहा...

तक्रार विभागातून टकटक ऐकू आली. कीबोर्डची.

मामा धावत गेला. मावशींच्या टेबलावर कीबोर्ड नव्हता. तो कधीच स्टोअरमध्ये गेला होता.

टकटक थांबली.

आणि अगदी कानाशी...

कुणीतरी खुदकन हसलं. वाचता वाचता हसावं, तसं.

त्या दुपारी मामाने मावशींच्या बहिणीला मेल लिहिली. सगळं कबूल केलं. पण 'पाठवा'वर बोट जाईना. मेल तशीच न पाठवता पडून राहिली.

दुसऱ्या दिवसापासून एक दहाला तेवढीच उघडली जाऊ लागली. बाकी कशाला हात नाही.

हसणंही बंद झालं.

महिन्याभरात मामाने नोकरी सोडली. मागच्या आठवड्यात त्याच्या जागी आलेल्या मुलीचा फोन आला. मी तिथेच बसलो होतो.

"सर, तुमचं खातं बंद आहे, पण तुमची एक न पाठवलेली मेल रोज कुणीतरी उघडतंय." मग घाईघाईने म्हणाली, "मी वाचली नाही हं, सर. दुसऱ्याचं कसं वाचायचं?"

मामाने फोन ठेवला. मी त्याला विचारलं.

"मामा, एकदाची ती मेल पाठवून का टाकत नाहीस? बहिणीचा पत्ता नाहीये का?"

"पाठ आहे रे," मामा म्हणाला. "मावशींच्या मेल वाचून वाचूनच पाठ झालाय."

मी घड्याळाकडे बघितलं. एक वाजायला आला होता. मामा उठून दुसऱ्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.