ताईची मिशी

काम तसं किरकोळच होतं. शीतखोलीत जायचं, डबीतून काडी काढायची, थेंबांमधून फिरवायची आणि बाहेर यायचं. दुपारची वेळ, खिडक्यांतून ऊन आत आलेलं. अशा वेळी भीती वाटायचं काही कारण नव्हतं.

प्रयोगशाळेत तिला सगळे चिमणी म्हणत, कारण तिची बडबड दिवसभर चालू असे. त्या दिवशी मात्र चिमणी गप्प होती. सकाळीच सरांनी बोलावून सांगितलं होतं, "या महिन्यात स्फटिक आले नाहीत तर विषय बंद. मी तरी आता हात टेकले." पाच वर्षं ती एकाच प्रथिनाच्या मागे हात धुऊन लागली होती! त्याचा आकार कळायचा तर आधी त्याचे स्फटिक व्हायला हवेत, आणि ते काही केल्या होईनात. विषय बंद म्हणजे ही सगळी वर्षं पाण्यात. घरून आईचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला.

"काय गं, झाले का तुझे खडे?"

"खडे नाही गं आई, स्फटिक."

"तेच ते. झाले का?"

चिमणीच्या आधी हा विषय ताईकडे होता. ताई म्हणजे तिथली सगळ्यांत जुनी विद्यार्थिनी, चिमणीला हाताला धरून काम शिकवणारी. प्रथिनाच्या थेंबात स्फटिक धरत नसतील तर दुधाला विरजण लावावं तसं बीज लावतात. जुन्या स्फटिकावर एक केस घासायचा आणि तोच नव्या थेंबातून ओढायचा. केसाला चिकटलेले कण तिथे वाढू लागतात. त्यासाठी मांजरीच्या मिशीचा केस उत्तम. ताईने घरच्या मांजरीची गळलेली मिशी मेणाने एका काडीवर बसवली होती. सगळे त्या काडीला 'ताईची मिशी' म्हणून ताईला चिडवायचे, आणि सगळ्यांत मोठ्याने हसायची ती ताईच.

मग एके सकाळी ताई शीतखोलीत सापडली. चिमणीनेच आधी पाहिलं. सूक्ष्मदर्शकासमोर स्टुलावर बसलेली, ताठ, डोळे सताड उघडे. पापण्यांच्या कडेला बारीक काहीतरी चमकत होतं. "गारठ्याने डोळ्यांतलं पाणी गोठलं असेल," कोणीतरी म्हणालं. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. तिला उचलण्याच्या गडबडीत तिच्या थेंबांची थाळी जमिनीवर पडून फुटली, त्यामुळे तिला स्फटिक मिळाले होते की नाही, हे कधी कळलंच नाही. विषय चिमणीकडे आला, मिशी तेवढी डबीत राहिली. तिला हात लावायची कोणाची छाती झाली नाही.

पण मिळाले असतील, तर त्यांचे कण अजून त्या केसावर असणार. चिमणीच्या डोक्यात सकाळपासून तेवढंच घोळत होतं.

तिने शीतखोलीचं जड दार ओढलं. गार हवा अंगावर आली. भिजलेल्या पुठ्ठ्याचा कुबट वास, आणि पंख्याची घरघर. दार मागे आपोआप लागलं. हातमोज्यांत ती बारीक काडी धड धरता येईना. ताई तरी कुठे घालायची मोजे! चिमणीने ते काढून ठेवले. केसाचं टोक एकेका थेंबातून अलगद ओढलं, वाकडा झालेला केस बोटाने सरळ केला, पुन्हा ओढलं. पंख्याचा वारा सारखा डोळ्यांवर येत होता. डोळे चुरचुरले तसे तिने त्याच बोटाने चोळले आणि थाळी उचलायला हात पुढे केला.

"हलवू नकोस गं..."

अगदी मानेमागे. हळू आवाज, जवळजवळ श्वासच. स्फटिक वाढताना थाळीला धक्का लागू नये म्हणून ताई हेच म्हणायची, दिवसातून दहादा.

 चिमणीने वळून पाहिलं. कोणी नव्हतं. फक्त टेबलाखाली सरकवलेलं स्टूल आता बाहेर ओढलेलं होतं. थाळी तिथेच सोडून ती जी बाहेर आली, ती थेट उन्हात जाऊन उभी राहिली. "मनाचे खेळ, दुसरं काय," ती स्वतःलाच म्हणाली.

आठवडा संपायच्या आत स्फटिक आले. एका थेंबात नाही, सगळ्या थेंबांत! सहा कडांचे, लख्ख, धारदार. सरांनी स्वतः पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि चष्मा काढून ते म्हणाले, "चिमणे, जिंकलीस की गं!" शेजारच्या खोलीत केक आला, टाळ्या झाल्या. चिमणीने आईला फोन लावला.

"आई, झाले! झाले गं खडे!"

पलीकडे आई रडायलाच लागली. मग चिमणीलाही रडू फुटलं. आनंदाने तिचा ऊर भरून आला होता. तिने डोळा पुसला, तर बोट ओलं झालंच नाही. डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी टोचलं. बोटावर एक बारीकसा कण आला होता.

"केकवरची साखर असेल," सर हसत म्हणाले आणि सुरी घ्यायला वळले.

केक अजून कापलाच नव्हता. चिमणी कण घेऊन आपल्या टेबलाकडे आली. फोन चालूच बाजूला ठेवला, कण सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि वाकून पाहिलं.

सहा कडा. लख्ख, धारदार.

 आणि मग आठवलं, जे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. शीतखोली चार अंशांवर असते. चार अंशांना पाणी गोठत नाही. ताईच्या पापण्यांवर होतं ते बर्फ नव्हतं!

"सर..." तिने हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. डोळे मिटायला गेली तर पापण्या करकरल्या आणि अर्ध्यावरच अडकल्या. मान वळेना. शेजारी हसणं चाललं होतं, बशा वाजत होत्या. इथे खिडकीतून ऊन येत होतं, तरी मानेवर गार श्वास लागला.

"हलू नकोस गं... मोठे होऊ देत."

फोनमध्ये आईचं रडणं थांबलं. 

"बाळा," तिने विचारलं, "तुझ्याजवळ कोण बोलतंय गं?"