सीमादीपावरचा रुमाल

घरातल्या प्रत्येक यंत्रावर क्रोशाचा रुमाल घालायची शलाका धामणस्करची हौस आईकडून आलेली. मिक्सर सुटला नाही की राउटर. त्यामुळे समुपदेशक डॉ. वसुधा केळुसकर एकदा म्हणाल्या, की टेबलावरच्या सीमादीपाचा उजेड डोळ्यांना टोचतो, तेव्हा पुढच्याच भेटीला ती रुमाल विणून घेऊन गेली. तांबडा दोरा त्यांनीच सुचवला होता.

समुपदेशनाच्या प्रत्येक खोलीत सीमादीप आता कायद्यानेच सक्तीचा होता. दोघांचा श्वास आणि आवाजातला कंप टिपून तो दोन काचांतून सांगे, की कोण कोणावर टेकलंय. ज्याला आधार लागतोय त्याची काच तांबडी. समुपदेशकाची तांबडी झाली, तर भेट तिथेच थांबवायची.

नवरा अपघातात गेल्यावर उडालेली शलाकाची झोप वसुधाबाईंनी परत आणली होती. हे उपकार ती विसरणारी नव्हती. हळूहळू डॉक्टरांच्या ‘ताई’ झाल्या, भेटी लांबल्या. ताई परदेशी गेलेल्या लेकीचा अबोला सांगत आणि शलाका त्यांची समजूत घाली. यातलं तुझ्या बहिणीला सांगू नकोस, तिला कळायचं नाही, असं ताईंनी बजावलं होतं. शलाकाला त्यात आपलेपणाच दिसला.

आज शलाकाला नागपूरहून आलेल्या नोकरीच्या बोलावण्याला उत्तर कळवायचा शेवटचा दिवस होता.

“अजून तुझी तयारी नाही,” ताई म्हणाल्या. “तिथे एकटी पडलीस की पुन्हा झोप जाईल. नाही म्हणून कळव.”

शलाकाने मुकाट्याने फोन काढून नकार लिहायला घेतला, तेवढ्यात कोपर लागून रुमाल घसरला.

तिची काच पांढरीस्वच्छ होती. ताईंची लालभडक.

इतके दिवस तो रंग तिला दोऱ्याचाच वाटला होता.

“ताई, हा कधीपासून असा आहे?”

रुमाल उचलून ताई मायेने पुन्हा दिव्यावर पसरू लागल्या, विणीच्या कडा सारख्या करू लागल्या. शलाकाला भीती वाटली. ताईंची नव्हे, त्या उजेडात आपण किती सुखाने बसत आलो, याची.

तिने नकार पुसला, होकार पाठवला आणि पर्स उचलली.

दाराशी पोचते तोच मागून आवाज आला. तोच शांत, झोप आणणारा.

“शलाका, मग मी कोणाशी बोलू?”

तिचा पाय उंबऱ्यावर अडला. श्वास अडखळला, आणि तो श्वास दिव्याने टिपला असणार हे तिला कळलं. आता वळून पाहिलं, तर कोणती काच तांबडी दिसेल?