पाचवं ईडलिंबू

सकाळी सातला दार वाजलं तेव्हा शकुंतलाबाई कॉफी गाळत होत्या. दारात एक अनोळखी बाई उभी होती. तिच्या दोन पायांत दोन वेगळ्या जोडांच्या चपला होत्या.

"टीचरम्मा तुम्हीच ना?" तिने कन्नडमध्ये विचारलं. "माझ्या नवऱ्याला पोलिसांनी नेलंय. या गल्लीत तो फक्त तुमच्याशी बोलायचा."

बाईंनी तिला आत घेतलं, हातात कॉफी दिली आणि ती घोटभर पिऊन होईपर्यंत काही विचारलं नाही. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत शिकवलं होतं. रडणाऱ्याला आधी बसू द्यावं, प्रश्न मागाहून, हे त्या तिथेच शिकल्या होत्या.

तिचं नाव कमलाक्षी. म्हैसुराजवळच्या एच. डी. कोट्याहून पहिल्या बसने आली होती, ठाण्यात नवऱ्याला भेटून इथे. नवरा कार्तिकेय, पंधरा दिवसांपूर्वीच गल्लीतल्या हरिहरकडे ड्रायव्हर म्हणून लागलेला. संध्याकाळी त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणार होते. शेजारच्या शंभूरावांच्या मरणाला तो जबाबदार, असं पोलिसांचं म्हणणं.

काल आयुधपूजा होती, ज्या दिवशी म्हैसुरात सायकलीपासून बसपर्यंत सगळ्याला झेंडूची माळ चढते आणि चाकांखाली लिंबं ठेवतात. पूजा झाली की गाडी त्या लिंबांवरून पुढे न्यायची. सकाळी दहाच्या सुमारास पलीकडच्या शंभूरावांच्या छातीत दुखू लागलं. सून सुष्माने ॲम्ब्युलन्स बोलावली. ती बारा मिनिटांत आलीही. पण गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी गाडी आडवी लावलेली, बाजूने स्ट्रेचरलाही वाट नाही. माळांनी नंबरसुद्धा झाकलेला. आत कुणी नाही, हॉर्नला उत्तर नाही.

गल्लीला दुसरं तोंड नव्हतं. शेवटी एक बाग होती आणि बागेला माणूसभर रुंदीचं फिरतं फाटक. ॲम्ब्युलन्स वळसा घालून बागेमागे गेली. तिथून स्ट्रेचर आलं, फाटकावरून तिरकं करून उचलावं लागलं. शंभूराव बागेतच गेले.

"माझ्या नवऱ्याने स्ट्रेचरचं एक टोक धरलं होतं," कमलाक्षी म्हणाली. "सदऱ्याला त्यांच्या तोंडातला फेस लागलाय. आणि हे म्हणतात, गाडी त्यानेच लावली."

बाईंनी पायांत चपला सरकवल्या.

ही गल्ली एकेकाळी इतकी रिकामी होती की मुलं तिच्यात लगोरी खेळत. मग हरिहरने कोपऱ्यावरचं घर भाड्याने घेऊन जुन्या गाड्यांचा धंदा थाटला. घरात मावल्या चार गाड्या. उरलेल्या पंधरा-सोळा गल्लीत, दोन्ही बाजूंना, लोकांच्या फाटकांपुढे. महापालिकेचा माणूस आला तेव्हा हरिहरने हात जोडून सांगितलं आणि लिहूनही दिलं की या पाहुण्यांच्या गाड्या आहेत, धंद्याची एकही नाही. पाहुणे दोन वर्षं झाली तरी गेले नव्हते.

गल्लीच्या तोंडाशी कालचा कचरा तसाच होता. झाडूवाले सगळे दसऱ्याच्या मिरवणुकीच्या रस्त्यावर गुंतलेले. बाई गुडघ्यावर हात ठेवून हळूच वाकल्या. डांबरावर चार ठिकाणी फळं चिरडलेली होती, पुढे दोन, मागे दोन. साल बोटाएवढी जाड. चारही ठिकाणी हळदीचा भंडारा सांडलेला. बाईंनी सालीचा तुकडा उचलला, वास घेतला आणि रुमालात बांधला.

मग त्या हरिहरकडे गेल्या. तो नव्या गिऱ्हाईकाला सीट दाखवत होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत त्या थांबल्या.

"काल शंभूरावांच्या फाटकापुढे कोणत्या गाड्या होत्या?"

"माझ्या दोन. लाल आणि राखी. काल न्यायच्या होत्या, चांगला दिवस म्हणून."

"नेल्या कधी?"

"साडेदहानंतर. नऊपासून गिऱ्हाइकं पेढे घेऊन बसली होती. तोंडाशी ती पांढरी आडवी. निघणार कुठून?"

"हे पोलिसांना सांगितलंस?"

"सांगितलं की. कोण ऐकतंय?"

"कसं ऐकतील, हरिहर?" बाई शांतपणे म्हणाल्या. "महापालिकेला तू लिहून दिलंयस, इथे तुझी एकही गाडी उभी राहत नाही."

हरिहर फडक्याने काच पुसू लागला. काच आधीच स्वच्छ होती.

शंभूरावांच्या फाटकापुढे आता त्यांच्या मुलाची, विश्वजीतची पांढरी गाडी उभी होती. बाजारात सगळ्यात जास्त खपणारं मॉडेल, हरिहरकडेही तसल्या दोन होत्या. बाईंनी चारही चाकांखाली डोकावून पाहिलं. प्रत्येक चाकाखाली एक लिंबू, लहानसं, पातळ सालीचं, कुंकू लावलेलं. एकही फुटलेलं नाही.

त्यांनी घरी येऊन पोलीस ठाण्यात फोन लावला. सबइन्स्पेक्टर स्पंदना त्यांची विद्यार्थिनी. पाचवीत असताना उत्तर बरोबर आणि रीत चुकीची, अशी गणितं करायची.

"मिस, अकराला मला बंदोबस्ताला जायचंय."

"मग दहाला ये. शंभूरावांच्या घरी. कार्तिकेयला बरोबर आण."

शंभूरावांचं घराणं जुन्या म्हैसूर फौजेतलं. दिवाणखान्यात कालची पूजा तशीच होती. पाटावर पणज्याची तलवार, तिच्यावर भंडारा, आणि तिच्यापुढे एकच फळ, मुठीएवढं, पिवळंधमक. सुतक लागल्यामुळे पूजेला कुणी हात लावला नव्हता.

विश्वजीत भिंतीला टेकून बसला होता. सुष्मा दाराशी. कार्तिकेय उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. स्पंदनाने आत ये म्हटलं तरी आला नाही.

"काकी, आज कशाला हे?" विश्वजीत म्हणाला. "बाबांना जाऊन एक दिवस झाला नाही."

"म्हणून तर आजच. उद्या हा तुरुंगात असेल." बाई स्पंदनाकडे वळल्या. "याच्यावर संशय का, सांग बघू."

"ॲम्ब्युलन्सच्या लोकांनी याला पांढऱ्या गाडीवर हात ठेवलेला पाहिला. हरिहरच्या सगळ्या किल्ल्या याच्याकडे. आणि यांनी," तिने विश्वजीतकडे मान केली, "गाडी आडवी लावताना याला डोळ्यांनी पाहिलं."

"कार्तिकेय, गाडीवर हात कशाला ठेवलास?"

"ढकलत होतो, अम्मा. हँडब्रेक लागला होता. हलेना."

"कुणाची गाडी ते कळलं नाही?"

"मी नवीन, अम्मा. गिऱ्हाइकाची असेल, वाटलं."

"स्वतः लावली असती, तर किल्ली खिशात असताना ढकलली असती का, स्पंदना?"

स्पंदनाने साक्षीची पानं मागे उलटली. वहीत काहीतरी खोडलं.

"विशू, तुझी गाडी काल कुठे होती?"

"फाटकापुढे. सकाळपासून. लिंबं बघा की चाकांखाली, अख्खी आहेत. हलवली असती तर फुटली नसती?"

"बघितली. बाजारातली आहेत." बाईंनी रुमाल सोडून साल पाटाजवळ ठेवली. "ही गल्लीच्या तोंडाशी मिळाली. चार चाकं, चार फळं. स्पंदना, हे लिंबू आहे का?"

स्पंदनाने साल दाबून पाहिली, मग तलवारीपुढच्या फळाकडे पाहिलं. "नाही. हे ते आहे."

"ईडलिंबू. गल्लीत याचं एकच झाड आहे, या घराच्या परसात. दरवर्षी शंभूराव मला लोणच्याला देत. परवा कुंपणावरून म्हणाले, अक्का, यंदा मोजून पाच लागलीत. चार विशूच्या गाडीला, एक तलवारीला. तुमचं लोणचं पुढल्या वर्षी." बाईंनी तलवारीपुढच्या फळाकडे बोट केलं. "पाचवं इथे आहे. बाकीची चार रस्त्यावर चिरडलीत, भंडाऱ्यासकट. इथे बाकी सगळे कुंकू लावतात. भंडारा फक्त या घरात वाहतात."

"कुणीतरी चोरून नेली असतील," विश्वजीत म्हणाला.

दाराशी उभी असलेली सुष्मा पहिल्यांदाच बोलली. "तुम्हीच नेलीत. नऊला. ताटात घालून." तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. "मी तुम्हाला अकरा वेळा फोन केला."

स्पंदनाने वहीचं नवं पान काढलं.

"मी सांगते, चुकलं तर थांबव," बाई म्हणाल्या. वर्गात फळ्यापुढे उभ्या राहून बोलत तशाच. "तू सकाळी बाजारातून माळा घेऊन आलास. फाटकापुढे हरिहरच्या दोन गाड्या. स्वतःच्या दारात स्वतःची गाडी पुजायला जागा नाही. तू तोंडाशी गाडी लावलीस, आणि मुद्दाम आडवी. आज हरिहरची एकही गाडी विकून बाहेर जाणार नाही, असं ठरवलंस. तिथेच पूजा केलीस, कुलूप लावलंस आणि निघून गेलास. सगळे आपापल्या पूजेत होते, कुणी पाहिलं नाही. कुठे गेलास?"

विश्वजीत तळहातांकडे बघत होता. "हॉटेलात," तो म्हणाला. "फोन बंद करून बसलो. गाडी कुणाची ते शोधून शोधून हरिहर थकू दे म्हटलं." तो थांबला. "साडेदहाला सहज चालू केला."

"धावत आलास. तोवर ॲम्ब्युलन्स बागेकडे गेलेली. गाडी काढलीस, घराण्याची ईडलिंबं तिथेच चिरडली. वाट मोकळी होताच हरिहरच्या दोन गाड्या गेल्या. रिकाम्या जागेत तू आपली लावलीस. मग लक्षात आलं की चाकांखाली काही नाही, म्हणजे हलवल्याचं कुणीही ओळखेल. झाडावर फळ उरलं नव्हतं. तू बाजारातली लिंबं ठेवलीस."

"मला बाबांना मारायचं नव्हतं, काकी."

"ठाऊक आहे."

"हरिहरच्या गाड्या नसत्या तर मी लावली असती का तिथे? दोन वर्षं अर्ज केले. दोन वर्षं बाबा फाटक अर्धंच उघडून आडवे होऊन बाहेर पडत होते."

"नसती लावलीस. हे मी कोर्टातही सांगेन." बाई उठल्या. त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. "पण किल्ली तुझ्या खिशात होती. आणि बाप बागेत पडलेला असताना तू ज्याचं नाव घेतलंस, त्यानेच तुझ्या बापाचं स्ट्रेचर उचललं होतं."

विश्वजीतने मान वर केली नाही. स्पंदनाने त्याच्यापुढे हात पसरला. किल्ली द्यायला त्याला दोन खिसे शोधावे लागले.

पोलिसांनी गाडी नेली तेव्हा बाजारातली ती चार लिंबंही फुटली.

दुपारी राजवाड्याकडून तोफांचे आवाज आले. सगळं शहर हत्ती बघायला गेलं होतं. बाई व्हरांड्यात बसून होत्या. कार्तिकेयला सोडलं होतं. कमलाक्षी आत भात लावत होती. निघताना निदान जेवून जा, एवढंच बाई म्हणाल्या होत्या.

इतक्यात हरिहर पेढ्यांचा पुडा घेऊन आला. फाटकाबाहेरूनच हात जोडले. "टीचरम्मा, आमच्यावरचा डाग पुसलात."

"तुझ्यावरचा नाही, हरिहर," बाई म्हणाल्या. "कार्तिकेयवरचा. पुडा घेऊन जा."

तो गेला. थोड्या वेळाने गल्लीत इंजिनाचा आवाज आला. एक निळी गाडी हळूहळू मागे येत होती. शंभूरावांच्या फाटकापुढची जागा रिकामी झाली होती ना. गाडी नेमकी तिथे बसली. मागोमाग दुसरी आली.

दोन्ही गाड्या लावून कार्तिकेय उतरला. सदरा तोच होता. व्हरांड्याकडे पाहून तो मान खाली घालून उभा राहिला.

"मालक म्हणाले," तो पुटपुटला.

पलीकडे सुष्मा दिव्यासाठी तेल आणायला निघाली होती. फाटक बंपरला टेकलं आणि अर्धंच उघडलं. ती आडवी होऊन बाहेर पडली.