येतो म्हणणारी बाई

गिरणीतून दळण आणायचं म्हणजे वीस मिनिटांचं काम. अक्षतानं ते पंधरात उरकायचं ठरवलं होतं, कारण घरी साडेतीन वर्षांचा सार्थक होता आणि त्याच्याजवळ मारिट होती; म्हणजे तसं पाहिलं तर कुणीच नव्हतं.

मारिट सोळा वर्षांची, नॉर्वेहून आलेली. क्लबच्या योजनेतून दर वर्षी अशी चार-पाच परदेशी मुलं कोल्हापुरात येतात, इथल्या कॉलेजात बसतात, तीन-तीन महिने एकेका घरी राहतात आणि परत जाऊन भारतावर भाषणं देतात. पहिले तीन महिने मारिट क्लबातल्याच संयोगितावहिनींच्या बंगल्यावर होती. दुसरं घर ऐनवेळी गळालं, तेव्हा क्लबच्या बैठकीत अक्षतानं हात वर केला.

"तुमच्याकडे?" वहिनी म्हणाल्या. आणि पुढचं वाक्य बोलायला त्यांनी जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात अक्षताला आपलं आडनाव, भाड्याचा वरचा मजला आणि मोरीजवळचा उडालेला रंग, सगळं दिसून गेलं. "नाही, छानच की. तिलाही सगळ्या प्रकारचा भारत बघायला मिळेल."

तर हा सगळ्या प्रकारचा भारत मारिटला काही आवडला नव्हता. ती काकडी आणि ब्रेड खायची. भाकरीचा फोटो काढायची, भाकरी ठेवून द्यायची. नळाखाली हात धुऊन झाले की पुन्हा बाटलीतल्या पाण्यानं धुवायची. अक्षताला मनातल्या मनात तिचा भयंकर तिटकारा यायचा; मग एम.एस्सी. झालेली, बालसंगोपनाचे व्हिडिओ वही घेऊन बघणारी आपण एका पोरीचा दुस्वास करतो म्हणून स्वतःचा यायचा. नवरा नागसेन गडहिंग्लजला बँकेत, शनिवारी यायचा. बाकी सहा दिवस हा तिटकारा तिचा तिलाच पुरवून खावा लागे.

एकच गोष्ट तिनं मारिटला मन लावून शिकवली होती.

"घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही. 'येते' म्हणायचं."

"जाताय, आणि येते म्हणता?" मारिटनं इंग्रजीत विचारलं. "मग ते खोटं झालं."

"खोटं नाही. पद्धत."

"आणि घरात राहिलेल्यानं काय म्हणायचं?"

"लहान असेल तर 'ये'. मोठं माणूस असेल तर 'या'."

मारिटनं ते वहीत लिहून घेतलं, एखाद्या किड्याचं नाव लिहावं तशा चेहऱ्यानं.

दळणाचा डबा कमरेवर घेऊन अक्षतानं फाटकाची कडी काढली, आत येऊन लावली. दुपारचे साडेतीन. खाली घरमालकीण आक्काताई झोपलेल्या, वीज गेलेली, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. बाहेरच्या जिन्यानं ती चढायला लागली आणि वरून मारिटचा आवाज आला. स्वच्छ, शिकवल्याबरहुकूम:

"या."

अक्षता वर पोचली तर दार सताड उघडं. मारिट उंबऱ्याच्या आत उभी, आणि तिच्या शेजारी सार्थक, जिन्याकडे बघत हात हलवत होता. अक्षतानं मागं वळून पाहिलं. ज्या जिन्यानं ती आत्ता आली, तो रिकामा होता.

"कुणाला म्हणालीस?"

"त्या बाईंना. रोज येतात. आत येत नाहीत. फक्त 'येतो' म्हणतात, मी 'या' म्हणते." मग मारिटच्या ओठाला जरा मुरड पडली. "तुम्ही मला चुकीचं शिकवलंत. बाई असूनही त्या 'येतो' म्हणतात. 'येते' नाही."

अक्षताला हसू आलं. माहेरी, कोडोलीला, तिची आईही अजून 'येतो'च म्हणायची. इकडच्या बायकांचं बोलणंच तसं. आपल्या तोंडातून ते काढून टाकायला अक्षताला होस्टेलची तीन वर्षं लागली होती. "अडाणी असेल कोणीतरी," ती म्हणाली. "भांडीबिंडी विकणारी. दार उघडत जाऊ नकोस."

"पण त्या चांगल्या आहेत." मारिटचा आवाज पहिल्यांदाच सोळा वर्षांचा वाटला. "बाकीचे सगळे मला विचारतात, भारत आवडला का, जेवण आवडलं का. त्या काहीच विचारत नाहीत. निरोप घेतात, एवढंच."

अक्षता डबा खाली ठेवता ठेवता थांबली. या घरात मारिटला दुपारी काय वाटतं, हे तिनंही कधी विचारलं नव्हतं.

"रोज इथं उंबऱ्याशी येते?"

"नाही. पहिल्या दिवशी फाटकापाशी होत्या. मग पहिल्या पायरीवर. मग रोज थोड्या वर. आज इथं." मारिटनं पायानं दाखवलं. उंबऱ्याच्या बाहेरची पायपुसणी. "त्यांच्या एकाच पायात चप्पल असते."

"आज्जी करकर वाजते," सार्थक म्हणाला.

अक्षताच्या माहेरी भूत, देवऋषी, लिंबूमिरची या सगळ्याला दाराबाहेर जागा होती. वडील मास्तर, मुलींकडून दर सुट्टीत अंधश्रद्धेवर निबंध लिहून घ्यायचे आणि शुद्धलेखनाचेही गुण कापायचे. तेव्हा आपण खाली आक्काताईंकडे जातोय ते फक्त फाटकाला कुलूप लावा म्हणून सांगायला, असं तिनं स्वतःला दोनदा बजावलं.

आक्काताई मेथी निवडत बसल्या होत्या. अक्षतानं सांगितलं. कोण, कुठली, कशी दिसते, असलं त्यांनी काही विचारलंच नाही.

"ती गोरी पोरगी काय म्हणाली तिला?"

"या म्हणाली."

मेथीची काडी आक्काताईंच्या हातातच राहिली.

"आगं आगं… 'या' म्हटलीसा व्हय? तिला 'या' म्हणू नकासा. आमी 'जा' म्हणतो. बारा वर्सं झाली, 'जा' म्हणतोय."

"कोण आहे ती?"

"कुणाला ठावं? ईचारायचं न्हाय. दार उघडायचं न्हाय, आतनं म्हणायचं. जा. तोंडभरून म्हणायचं, कुत्र्याला म्हणतो तसं. ती फाटकाला टेकती न् फिरती माघारी." आक्काताई पुन्हा मेथी निवडायला लागल्या, पण पानं आणि काड्या एकाच ताटात पडत होत्या. "तुमी शिकल्याली मान्सं. तुमाला 'जा' म्हणायला जड जातंय, हाय की न्हाय?"

काय हा अडाणीपणा, असं म्हणत अक्षता जिना चढली. एकेका पायरीला तिनं काय हा अडाणीपणा म्हटलं. तेरा पायऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मारिटचा मुक्काम हलायचा होता. तिसरं घर ताराबाई पार्कात होतं. सकाळी गाडी आली. मारिट बॅग घेऊन उंबऱ्याबाहेर, त्याच पायपुसणीवर उभी राहिली आणि म्हणाली, "येते."

आणि थांबली. उत्तरासाठी.

अक्षताच्या तोंडात शब्द आला होता. लहानाला 'ये'. एका अक्षराचं काम. तिनं नुसती मान हलवली. मारिटनं अजून क्षणभर वाट पाहिली, मग तिचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा बंद झाला आणि ती उतरून गेली. तीन महिने जिचा मनातून तिटकारा केला तिला धड निरोपसुद्धा दिला नाही, म्हणून अक्षताला स्वतःची किळस आली. पण त्या पायपुसणीकडे बघून 'ये' म्हणायची जोखीम नको होती.

दुपारी तिनं दाराला आतून कडी घातली. सार्थकला आतल्या खोलीत निजवलं. दारापासून दोन हातांवर खुर्ची ठेवून बसली, आणि कुणी बघितलं तर निमित्त असावं म्हणून मांडीवर इस्त्रीचे कपडे घेतले.

साडेतीनला पंखा बंद पडला.

आधी वास आला. डोक्याला थापून महिनोन्महिने न धुतलेल्या खोबरेल तेलाचा, कुबट, ओळखीचा वास. मग खालून आवाज. करकरीत कोल्हापुरी चपलेचा, पण एका आड एक.

कर्र…

मग काहीच नाही. अनवाणी पाऊल पडायला जेवढा वेळ लागेल, तेवढं काहीच नाही.

कर्र…

अक्षता मोजत होती. मोजायचं नाही म्हणत मोजत होती. तेरा झाले. दाराच्या फटीखालचा उजेड मध्येच, एका पायाएवढा, बुजला.

"येतो…"

आवाज भेसूर नव्हता. हेच वाईट होतं. दमलेल्या, भल्या बाईचा आवाज होता, कोडोलीच्या आळीतला. आणि अक्षताच्या जिभेवर सवयीनं, संस्कारानं, सगळ्या शिक्षणाच्या आधीचं ते उत्तर आलं. तिनं ते दातांखाली धरलं. कडी आपोआप इतकीशी हलली.

"जा!" ती ओरडली. आजवर संयोगितावहिनींना, त्या पोरीला, स्वतःला जे जे म्हणायचं राहिलं होतं ते सगळं त्यात होतं. "जा इथनं! चालती हो! पुन्हा तोंड दाखवू नकोस. जा!"

फटीतला उजेड मोकळा झाला. कर्र… खाली. कर्र… आणखी खाली.

आपण जिंकलो, असं वाटून तिला रडू आलं. डोळे पुसायला ती वळली.

मागं सार्थक उभा होता. झोपेतून उठून आलेला, चड्डी एका बाजूनं घसरलेली. किती वेळ उभा होता कोण जाणे. तो आईकडे बघत होता.

"मी?" तो म्हणाला.

"नाही रे सोन्या! तुला नाही. तुला नाही म्हटलं…"

तिनं त्याला उचललं, कुशीत घेतलं, पन्नासदा सांगितलं. तो तिच्या खांद्यावरून दाराकडेच बघत होता. चपलेचा आवाज थांबला होता. फाटकाची कडी वाजायला हवी होती. ती वाजली नाही.

शनिवारी नागसेन आला, त्याला तिनं काही सांगितलं नाही. काय सांगणार? सोमवारी बालवाडीची रिक्षा आली. अक्षतानं सार्थकच्या पाठीला दप्तर अडकवलं, बूट घातले, दार उघडलं. खाली रिक्षावाला हॉर्न देत होता.

"काय म्हणायचं आईला?"

रोज तो 'येतो' म्हणायचा. आज त्यानं तिच्याकडे शहाण्या मुलासारखं पाहिलं, सांगितलेलं सगळं लक्षात ठेवणाऱ्या मुलासारखं.

"जातो, आई."

ती काही बोलायच्या आत, जिन्याच्या वळणाखालून, जिथून कुणी दिसत नाही तिथून, उत्तर आलं. मायेनं, हात पुढं केल्यासारखं.

"ये."