केसांच्या रेघा

मी तशी फटकळ. भूतबीत, नजरबिजर असलं काही कुणी माझ्यासमोर काढलं की मी त्याला उडवून लावते. मातीत काम करणाऱ्या माणसाला प्रत्येक गोष्टीचं कारण ठाऊक असतं. भांडं तडकलं तर आत हवा राहिली होती, रंग फिका पडला तर घाई झाली होती. तीस वर्षं मी आणि माझी धाकटी बहीण एकाच शेडमध्ये राकूची भांडी आणि शोभेच्या मूर्ती करतो, आणि घाई नेहमी तिचीच असते.

राकूचं काम असं, की भांडं लालबुंद असतानाच लांब चिमट्यानं भट्टीतून उपसायचं, भुशाच्या पिंपात घालायचं आणि वर झाकण दाबायचं. भुसा पेटतो, धूर कोंडतो, त्या धुरात रंग चढतो. झाकण लवकर निघालं की हवा शिरते आणि रंग उडून जातो. धाकटीला दम कुठला? पिंपाभोवती घिरट्या घालत, बेसूर गुणगुणत ती दर दोन मिनिटांनी विचारायची, "ताई, झाकण काढू?" मी म्हणायचे, "अजून नाही." शेजारचा सुतार आम्हाला चिडवायला तेवढंच म्हणून दाखवायचा.

मग एक दिवस मास्तर आले. निवृत्त शिक्षक, बायको जाऊन तीन महिने झालेले. हातात कागदात गुंडाळलेली तिची वेणी होती. आजारपणात कापली तेव्हा त्यांनी जपून ठेवलेली. तापलेल्या भांड्यावर घोड्याच्या शेपटीचे केस टाकून आम्ही काळ्या रेघा उमटवतो, हे त्यांनी कुठल्याशा प्रदर्शनात पाहिलं होतं. त्यांना बायकोच्या केसांच्या रेघांचं एक भांडं हवं होतं, झाकणाचं. आत तिचा चष्मा ठेवणार होते. बाकी घरात तिचं फारसं काही उरलं नाही, म्हणाले.

माणसाचा केस बारीक. भांडं फार गरम असलं तर रेघ उमटते आणि लगेच जळून जाते. म्हणून उपसल्यावर जरा थांबावं लागतं. चिमटा माझ्या हातात होता, मी थांबले नाही. आयुष्यभर जिला घाईवरून बोलले तिच्यासमोर मीच घाई केली. धाकटी भराभर केस ठेवत गेली, रेघा उमटत गेल्या आणि आमच्या डोळ्यांदेखत पुसल्या गेल्या. वेणी संपली. भांडं पांढरंफटक.

मास्तर चारला येणार होते. खरं सांगून टाकू, असं धाकटी म्हणाली. मी तिच्यावर खेकसले. केस म्हणजे केस, कुणाला कळणार आहे! धाकटीचीच वेणी हातात धरली आणि कात्रीनं वीतभर छाटली. भांडं पुन्हा तापवलं. या वेळी नीट थांबले. रेघा अशा देखण्या आल्या की मी स्वतःवरच खूश झाले. शेवटचा केस ठेवून धाकटीनं हात मागे घेतला आणि म्हणाली, "ताई, थंडी वाजतेय." भट्टी चार हातांवर धगधगत होती. मी हसले.

मास्तरांनी भांड्याला गाल लावला आणि रडले. मला लाज वाटली, खोटं नाही सांगत. पण मी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून धाकटी गुणगुणेनाशी झाली. आधी मला बरंच वाटलं, कानाला आराम. मग लक्षात आलं, ती झाकणाचंही विचारत नाही. पिंपाशी नुसती उभी राहते. एकदा मी बाहेर गेले आणि यायला तीन तास लागले; ती तिथेच, तशीच उभी होती. मी काढ म्हटल्यावर तिनं झाकण काढलं. तिचे हात गार लागायचे, अगदी भट्टीपाशीसुद्धा. डॉक्टरांनी सगळं तपासलं. काही नाही, म्हणाले. तीही तेच म्हणायची. छाटलेली वेणी दोन महिन्यांत तसूभरही वाढली नव्हती. मी भ्याले होते, पण ते कुणाला सांगणार?

त्याच सुमाराला मास्तर रस्त्यात भेटले. चेहऱ्यावर तेज आलेलं. भांड्यातून आवाज येतो, म्हणाले. मी त्यांना समजावलं, माती आकसते, नवं भांडं महिनोन्महिने टिकटिकत राहतं.

"टिकटिक नाही हो," ते म्हणाले. "गुणगुणतं. तेही बेसूर. ही तर कधी गातच नव्हती."

मी तशीच त्यांच्याबरोबर घरी गेले. खरं सांगायचं, पाया पडायचं, भांडं मागून घ्यायचं, असं वाटेत ठरवलं होतं. माझी बहीण मला परत हवी होती.

भांडं खिडकीत, उन्हात होतं. झाकण त्यांनी मेणानं पक्कं बंद केलेलं.

"आता बोलतेही," मास्तर हळूच म्हणाले. "एकच वाक्य. पण एक कळत नाही. ही माहेरी सगळ्यांत मोठी. मग ताई कुणाला म्हणते?"

मी वाकले. कान लावला. भांडं कोमट होतं, माणसाच्या हाताइतकं.

"ताई, झाकण काढू?"

मेण नखानंही निघालं असतं.

पण हवा शिरली तर काय उडून जाईल, हे मला ठाऊक नव्हतं. शेडमध्ये ती पिंपाशी उभी होती, मी सांगेपर्यंत न हलणारी.

मास्तर माझ्याकडे बघत होते.

"अजून नाही," मी म्हणाले.

आतलं गुणगुणणं पुन्हा सुरू झालं.