केरबाचा उजवा पाय

"डॉक्टर पाच वाजेपर्यंत राजीनामा लिहून दे म्हणाले," एवढं बोलून योगिनी राजनंदिनीताईंच्या दारात तशीच उभी राहिली.

गारखेड्यातल्या एका खासगी दवाखान्यात ती नर्स होती. फुलंब्रीकडचा मेंढपाळ केरबा याच्या मूत्राशयातला खडा काल काढला. आज सकाळी तो उठला, तर उजवा पंजा फरफटत होता. ऑपरेशनआधी योगिनीनं त्याच्या उजव्या कुल्ल्यात इंजेक्शन दिलं होतं. केरबाच्या मुलानं, हनुमाननं, तेवढं धरून वॉर्ड डोक्यावर घेतला.

खासगी गुप्तहेर राजनंदिनीताईंनी लगेच चप्पल घातली. सोबतीला त्यांचा मदतनीस सोमनाथ. साडेतीन झाले होते आणि त्याची नजर घड्याळावरून हटत नव्हती. त्याच्या मते यात कोडं नव्हतंच. इंजेक्शन चुकलं, पाय गेला.

दवाखान्यात हनुमान बराच वेळ तणतणला. ताईंनी त्याला एकच विचारलं, इंजेक्शननंतर वडील ऑपरेशनला कसे गेले?

"चालत गेला की. मेंढरामागं जातो तसा."

केरबाला पंजा खाली दाबता येत होता, वर उचलता येत नव्हता. उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला लाल वळ होता. त्याची कुणाबद्दल तक्रार नव्हती.

"तो इंद्रजीत लई गुणाचा. पाठीत सुई दिली, कमरेखाली बधिर, पर म्या जागाच. डोक्याखाली टोचतंय म्हनलं, तर पोरानं उशाला मऊ गादी दिली."

सोमनाथला हा इंद्रजीत न पाहताच आवडला.

इंद्रजीत ऑपरेशन थिएटरमधला टेक्निशियन. ऑपरेशनवेळी पाय वर टांगायच्या लोखंडी आधारांवर आपण दोन्ही गुडघ्यांना नेहमी गादी लावतो, असं त्यानं ठासून सांगितलं. ताईंनी गाद्या पाहायला मागितल्या.

"एवढ्या दोनच आहेत, ताई."

साडेचारला ताईंनी सगळ्यांना डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं.

"इंजेक्शननं नस दुखावली असती, तर तिथल्या तिथं पायात कळ उठली असती आणि पंजा तेव्हाच लुळा पडला असता. केरबा तर चालत गेले. पंजा उचलणारी नस गुडघ्याच्या बाहेरून, हाडावरून, अगदी कातडीखालून जाते. वळ तिथंच आहे. बधिर माणसाला पाय दबतोय हे कळत नाही, म्हणून त्याची काळजी दुसऱ्यानं घ्यायची असते."

"पण गादी होती ना?" सोमनाथ म्हणाला.

"गुडघे दोन, गाद्याही दोनच. मग उशाला कुठली गेली?"

इंद्रजीतची मान खाली गेली. "उजवीकडची. वाटलं, घडी घालून चादर लावू तिथं. मग घाईत राहूनच गेलं."

डॉक्टरांनी राजीनाम्याचा विषय सोडला. नस बहुधा सावरेल, पण महिने लागतील, तोवर पंजा वर धरून ठेवणारी आधाराची पट्टी हवी, असं ते म्हणाले.

इंद्रजीतनं स्वतः जाऊन केरबाला सगळं सांगितलं.

"म्हंजी म्या मागितली म्हणून व्हय?"

"नाय बाबा. तुम्ही मागायचंच. मी तिसरी शोधायला पाहिजे होती."

योगिनी पट्टी घेऊन आली.  हनुमाननं बापाचा पाय अलगद उचलला आणि तिच्यापुढं धरला.